बेकबम इल्जी : किम कू यांचें आत्मवृत्त व चरित्र

एखाद्या पुरुषाचें चरित्र त्याच्या स्वतःच्या लेखणींतून उतरलें असलें म्हणजे चरित्रकाराचें काम सोपें होतें, असा सामान्य समज आहे. जुनीं दफ्तरें चाळण्यांत ज्यांचे डोळे अधू झाले त्यांचा अनुभव याच्या उलट आहे. स्वहस्ताक्षराचा कागद हातीं आला कीं तो कोणासाठीं लिहिला, कोठें बसून लिहिला, लिहितांना लेखकाजवळ टिपणें होतीं कीं नुसती आठवण होती, आणि पुढें छापणारानें त्यांत काय फिरविलें, या प्रश्नांचा निकाल लावल्यावांचून त्यांतील एक ओळही पुराव्यास घेतां येत नाहीं. असाच एक कागद गेलीं कांहीं वर्षें आमच्या अभ्यासांत आहे. कोरियाच्या स्वातंत्र्यासाठीं झगडलेले पुढारी किम कू (इ. स. १८७६–१९४९) यांच्या आत्मवृत्ताचा तो कागद होय. आम्हांस कोरियन भाषा येत नाहीं. इंग्रजी भाषांतर व त्यावरील विद्वानांची चर्चा यांच्या आधारें आम्ही चालतों, हें प्रारंभींच सांगितलेलें बरें.

जपाननें इ. स. १९१० मध्यें कोरियाचें राज्य खालसा केलें आणि इ. स. १९४५ पर्यंत तें आपल्या ताब्यांत ठेविलें. या ३५ वर्षांपैकीं बराच काळ परमुलखांत कोरियन देशभक्तांचें एक ‘हंगामी सरकार’ नांदत होतें. तें एप्रिल १९१९ मध्यें शांघाय येथें स्थापन झालें, आणि त्याच्या अखेरच्या वर्षांत अध्यक्षपद किम कू यांजकडे होतें. बेकबम हें त्यांचें टोपणनांव. इल्जी म्हणजे रोजनिशी. ग्रंथाचें नांव रोजनिशीचें असलें तरी ती रोजच्या रोज लिहिलेली नाहीं. सबंध आयुष्य आठवून एका बैठकीच्या ओघानें लिहिलेलें तें वृत्त आहे.

मूळ प्रतीचे दोन भाग आहेत. पहिला भाग शांघायच्या फ्रेंच वसाहतींत इ. स. १९२८ मध्यें सुरू होऊन ३ मे १९२९ रोजीं पुरा झाला. त्या वेळीं हंगामी सरकारची दशा अशी होती कीं कचेरीचें भाडें देण्याची पंचाईत पडे, आणि माणसें एकेक करून पांगलीं होतीं. किम कू ५३ वर्षांचे होते. इन व शिन हे दोन मुलगे आजीबरोबर कोरियांत होते. थोरला अकरा वर्षांचाही नव्हता, धाकटा सहा-सात वर्षांचा. आपण या मुलांस पुन्हां भेटूं असा भरंवसा बापाला नव्हता. म्हणून मुलें मोठीं झाल्यावर त्यांस बाप कोण होता हें कळावें, एवढ्यासाठीं हें लिखाण झालें. आरंभीं त्या दोघांस उद्देशून पत्र आहे. माझें अनुकरण करा असें तो बाप म्हणत नाहीं. थोर पुरुष इतिहासांत पुष्कळ आहेत, ते निवडा, असें सांगतो. दुसरा भाग चुंगकिंग येथें, चीन-जपान युद्धाच्या धामधुमींत, इ. स. १९४२ च्या सुमारास लिहिला, आणि त्यांत पुढें स्वदेशीं परतल्यानंतरची भर पडली. लिपि मिश्र आहे: चिनी चित्राक्षरें व कोरियन अक्षरें एकाच ओळींत नांदतात. पहिल्या भागाची एक नक्कल इ. स. १९२९ मध्यें सहकारी अम हांग-सप यांनीं करून अमेरिकेंतील देशबांधवांकडे जपून ठेवण्यास पाठविली, ती कोलंबिया विद्यापीठांत राहिली आहे. मूळ प्रत कोरियन सरकारनें इ. स. १९९७ मध्यें ठेवा क्रमांक १२४५ म्हणून नोंदविली.

कालगणनेचा एक मुद्दा येथेंच उरकूं. आपल्याकडील प्रभवादि संवत्सरांप्रमाणेंच कोरियांतही ६० वर्षांचें चक्र चालत असे, आणि जुने लोक वर्ष त्या नांवानें सांगत. महिने चांद्र. इ. स. १८९६ च्या १ जानेवारीपासून तेथील सरकारनें इंग्रजी पंचांग स्वीकारलें. परंतु खेड्यांतल्या माणसाची आठवण सरकारी हुकुमानें बदलत नसते. किम कू यांचा जन्म चांद्र सातव्या महिन्याच्या ११ व्या तिथीस झाला; तो दिवस इ. स. १८७६ च्या २९ ऑगस्टचा, म्हणजे शके १७९८ मधील. वयें मोजतांना जन्मतःच एक वर्ष धरण्याची तिकडे चाल होती. यामुळें एकाच प्रसंगाच्या तारखा निरनिराळ्या पुस्तकांत महिन्या-दोन महिन्यांनीं व वयें वर्षानें मागेंपुढें दिसतात. त्यांत लेखकाचें लबाडीपण शोधणें व्यर्थ आहे.

जन्मगांव ह्वांगहे प्रांतांत हेजू शहराजवळ. घराणें आंदोंगच्या किम कुळांतील, परंतु सतराव्या शतकांत किम चा-जम नांवाच्या पूर्वजास राजद्रोहाबद्दल देहान्त झाला, तेव्हांपासून वंशज लपून कुणबाऊ वृत्तीनें राहूं लागले. शेजारचे मानकरी त्यांस तुच्छ लेखीत, आणि बाप किम सुन-यंग हा त्या अपमानानें चिडून मारामाऱ्या करी. स्वतःचें कुळ थोर दाखविण्यासाठीं वंशावळी रचून घेणारे आपण पाहतों. या लेखकानें आपल्या वंशावळींतील डाग पहिल्याच पानांवर मांडला आहे. मुलानें इ. स. १८९२ मध्यें सरकारी परीक्षा दिली. तेथें पैशावर व वशिल्यावर निकाल लागतात असें पाहून त्यानें ती वाट सोडली. मग सामुद्रिक शिकण्याचा नाद लागला. आरसा घेऊन स्वतःचें देवीनें व्रणांकित झालेलें तोंड शास्त्राप्रमाणें तपासलें, तों एकही शुभ लक्षण सांपडेना! परंतु त्याच शास्त्रांत रूपापेक्षां अंतःकरणास अधिक मान दिलेला आढळला आणि मुलानें पुस्तक मिटलें. इ. स. १८९३ मध्यें तो तोंगहाक या नव्या पंथांत शिरला, आणि दुसऱ्या वर्षीं त्या पंथाच्या बंडांत हेजूच्या किल्ल्यावर चाल करून गेलेल्या टोळीचा पुढारी झाला. वय कोवळें म्हणून लोक त्यास ‘पोर सरदार’ म्हणत. हल्ला फसला. पुढें आश्रय दिला तो आन थे-हुन नांवाच्या गृहस्थानें, जो तोंगहाकांविरुद्ध लढला होता. याच गृहस्थाचा मुलगा आन चुंग-गन, त्यानें इ. स. १९०९ मध्यें हार्बिन येथें जपानच्या इटो हिरोबुमीस गोळी घातली.

आतां त्या प्रकरणाकडे वळूं ज्यासाठीं या आत्मवृत्ताची पारख सर्वांत अवघड होते. ८ ऑक्टोबर १८९५ रोजीं जपानी मारेकऱ्यांनीं सोलच्या राजवाड्यांत शिरून राणी मिन हिचा खून केला. सबंध देशांत क्षोभ झाला. पुढील मार्चच्या ९ तारखेस छिहापो नांवाच्या बंदरालगतच्या खाणावळींत किम कू (तेव्हां त्यांचें नांव किम छांग-सू) यांनीं एका माणसास पाहिलें. वेष कोरियन, केस कापलेले, आपण अमुक गांवचा म्हणे परंतु बोली त्या गांवची नव्हे, आणि पांढऱ्या अंगरख्याखालीं तरवारीचें म्यान दिसलें. हा राणीच्या मारेकऱ्यांपैकीं कोणी असावा, निदान जपानी हेर तरी असावा, असा तर्क करून त्यांनीं त्यास ठार मारलें. नंतर आपलें नांवगांव व कारण लिहून तो कागद रस्त्यावर चिकटविला आणि ते घरीं जाऊन बसले. तीन महिन्यांनीं शिपाई आले.

मेलेल्याचें नांव त्सुचिदा जोसुके. आत्मवृत्त म्हणतें कीं त्याजवळच्या कागदांवरून तो जपानी लष्करांतील लेफ्टनंट ठरला. जपानी वकिलातीचे कागद म्हणतात कीं तो त्सुशिमा बेटाकडील व्यापारी होता. सोलच्या क्युजांगगाक संग्रहांत खटल्याचे कागद जतन आहेत. ऑगस्ट-सप्टेंबर १८९६ मध्यें इंचन येथें झालेल्या तीन जबान्यांच्या त्या नोंदी आहेत. त्यांतही मृताचें लष्करी पद सिद्ध होईल असा दाखला मिळत नाहीं. आज कोरियांत एक पक्ष या कृत्यास देशभक्ताचा पहिला पराक्रम म्हणतो, दुसरा त्यास निरपराध व्यापाऱ्याचा खून म्हणतो, आणि दोघेही आपापल्या सोयीचा कागद पुढें करतात. आमचें मत असें. व्यापारी असल्याविषयींचा पुरावा समकालीन आहे. लेफ्टनंटपणाचा पुरावा तेहतीस वर्षांनंतरच्या आठवणीचा आहे. म्हणून मृताच्या धंद्याविषयीं जपानी कागदास झुकतें माप द्यावें लागतें. तो कागद शत्रूचा आहे एवढ्यावरून खोटा ठरत नाहीं. परंतु किम कू यांनीं काय जाणून वार केला, हा प्रश्न निराळा आहे, आणि त्या प्रश्नाला आत्मवृत्तच साक्षीदार आहे. तो साक्षीदार आपला तर्क तर्क म्हणूनच सांगतो. कपडे, बोली, म्यान, एवढ्यावर आपण एका जिवाचा निकाल केला, ही गोष्ट झांकण्याची त्यांनीं यत्किंचितही खटपट केलेली नाहीं. एखाद्या बखरकारानें मृताच्या तोंडीं कबुलीजबाब घातला असता!

याच प्रकरणाचा दुसरा भाग फांशी टळण्याचा आहे. किम कू लिहितात कीं फांशीच्या दिवशीं राजा कोजोंग यानें दूरध्वनीवरून इंचनला हुकूम कळवून शिक्षा तहकूब केली, आणि दूरध्वनीची ती तार कांहीं दिवसांपूर्वींच जोडली गेली होती. दूरध्वनीच्या काळाविषयीं विद्वानांनीं शंका घेतल्या आहेत, आणि बातमी साध्या तारेनें आली असण्याचा संभव दिसतो. शिक्षा तहकूब झाली ही गोष्ट मात्र निर्विवाद आहे. तुरुंगांत बसलेल्या माणसास बातमी कोणत्या यंत्रानें आली हें कोणी सांगितलें असेल तसेंच तो लिहिणार.

तुरुंगांतली त्यांची आई विसरतां येत नाहीं. क्वाक नाक-वन हें तिचें नांव. मुलाला हेजूहून इंचनला होडींतून नेत असतां, जपान्यांच्या हातून मरण्यापेक्षां आपण दोघें या पाण्यांत उडी टाकूं, असें ती त्याच्या कानांत म्हणाली. त्यानें आपण मरणार नाहीं अशी तिची समजूत घातली. इंचनला तिनें परक्या घरीं मोलकरीण म्हणून राहून मुलास जेवण पोंचविलें. तुरुंगांत किम कू यांनीं पाश्चात्य इतिहास-भूगोलाचीं पुस्तकें पहिल्यानें वाचलीं व कैद्यांस अक्षरें शिकविलीं. मार्च १८९८ मध्यें ते तेथून पळाले. पुढें कांहीं काळ कोंगजूजवळील मागोक विहारांत बौद्ध भिक्षु झाले, वर्षभरांत तो वेषही टाकला, इ. स. १९०३ च्या सुमारास ख्रिस्ती झाले, आणि शाळामास्तर म्हणून गांवोगांव हिंडले. इ. स. १९०४ मध्यें छ्वे चुन-रे हिच्याशीं विवाह झाला.

इ. स. १९११ मध्यें आनाक प्रांतींच्या देशभक्तांची धरपकड झाली तींत त्यांस १५ वर्षांची सजा मिळाली, प्रत्यक्षांत इ. स. १९१५ मध्यें सुटका झाली. या कैदेचीं पानें ग्रंथांतील सर्वांत मोलाचीं आहेत असें आम्हांस वाटतें. रात्रभर हाल करणारा जपानी अंमलदार पहाटेपर्यंत न थकतां काम करितो, हें पाहून त्यांच्या मनांत आलें कीं हा दुसऱ्याचें राज्य गिळण्यासाठीं जितका जागतो, तितका मी स्वतःचें राज्य परत मिळविण्यासाठीं किती रात्री जागलों? उपासमारींत आपल्या मनांत किती हीन विचार आले तेही त्यांनीं मुलांपासून लपविले नाहींत. आई भेटीस आली तेव्हां, तूं प्रांताचा सुभेदार झाला असतास त्यापेक्षां मला अधिक धन्य वाटतें, असें म्हणाली. याच कैदेंत त्यांनीं जपानी नोंदींतून निसटण्यासाठीं ‘कू’ या नांवाचें ‘कांसव’ अर्थाचें चित्राक्षर बदलून ‘नऊ’ अर्थाचें घेतलें, आणि बेकबम हें टोपणनांव धारण केलें. ‘बेक’ हा शब्द खाटीक आदिकरून सर्वांत हलक्या समजल्या जाणाऱ्या जातीच्या नांवांतला, ‘बम’ हा सामान्य माणसाचा वाचक. त्या दोहोंची योग्यता निदान आपल्याएवढी व्हावी तरच देश स्वतंत्र होईल, असा त्यांत हेतु.

तुरुंगाचें अंगण झाडतांना व खिडक्या पुसतांना त्यांनीं देवाजवळ मागितलें होतें कीं स्वतंत्र सरकारच्या कचेरीचें अंगण झाडण्याचें भाग्य मला दे. इ. स. १९१९ मध्यें शांघायला पोंचतांच त्यांनीं गृहखात्याचे प्रमुख आन छांग-हो यांजकडे दरवानाची जागा मागितली. पूर्वीं एकदां घरच्या घरीं पोलीस शिपायाच्या परीक्षेचे प्रश्न सोडवून पाहिले होते आणि त्यांत आपण नापास ठरलों, हें कारणही त्यांनीं दिलें. आन यांनीं त्यांस पोलीसखात्याचे प्रमुख नेमलें! एवढें वाचून आम्ही मास्तर लोक मनाशीं हंसतों. परीक्षांवर आमचा विश्वास फार. इ. स. १९२३ मध्यें ते गृहमंत्री व इ. स. १९२६ च्या अखेरीस सरकारचे प्रमुख झाले.

याच्या मध्यंतरीं एक शिलालेख आहे, आणि या मासिकाच्या वाचकांसाठीं त्यावर थोडें थांबलें पाहिजे. किम कू यांची पत्नी क्षयानें आजारी पडून शांघायच्या होंगकौ भागांतील रुग्णालयांत १ जानेवारी १९२४ रोजीं वारली. तो भाग फ्रेंच वसाहतीबाहेर, जपान्यांच्या अंमलाचा. तेथें गेल्यास अटक निश्चित. म्हणून पति अखेरच्या भेटीस जाऊं शकला नाहीं. तिच्या थडग्यावर जी शिळा उभारली तिचा मजकूर वैयाकरणी किम तू-बोंग यांनीं रचला. तो सर्वस्वी कोरियन लिपींत असून त्यांत चित्राक्षर एकही नाहीं, आणि तारखा अंकांनीं लिहिल्या नसून व्यंजनांनीं लिहिल्या आहेत. वर्णमालेंतलें पहिलें व्यंजन म्हणजे १, दुसरें २, याप्रमाणें दहाव्यापर्यंत. आपल्याकडील कटपयादि संकेताची कोणास आठवण होणार नाहीं? जन्मवर्षाचीं चार व्यंजनें अशीं: चौथें, दुसरें, दुसरें, दुसरें. म्हणजे ४२२२. हा तानगुन शक. त्याचा आरंभ ख्रिस्तपूर्व २३३३ धरितात. वजाबाकी केली कीं इ. स. १८८९ येतें. मास तिसरा, दिवस एकोणिसावा. मृत्यूचें वर्ष मात्र निराळ्या शकानें दिलें आहे: कोरियन प्रजासत्ताकाचें ६ वें वर्ष, पहिला मास, पहिला दिवस. ज्या राज्याला भूमि नव्हती, खजिना नव्हता, त्या राज्याचा शक इ. स. १९१९ पासून मोजून तो एका बाईच्या थडग्यावर कोरलेला आहे. स्वतःचा शक चालू करणें हें सार्वभौमत्वाचें लक्षण होय, हें राज्याभिषेक शकाचे कागद हाताळणाऱ्यांस सांगणें नलगे. शिळेच्या अखेरीस पतीनें ती उभारल्याचा उल्लेख आहे. किम तू-बोंग हें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. तें पुन्हां येणार आहे.

सासूनें त्यानंतर नातवंडें सांभाळलीं. शांघायंत ती कचऱ्यांत टाकलेलीं कोबीचीं पानें रात्रीं वेंचून आणी व खारवून ठेवी. इ. स. १९२५ मध्यें ती धाकट्यास घेऊन मायदेशीं परतली, थोरला दोन वर्षांनीं गेला. आणि रिकाम्या घरांत बापानें आत्मवृत्त लिहावयास घेतलें.

इ. स. १९३२ चीं दोन कृत्यें सर्वश्रुत आहेत, म्हणून संक्षेपानें सांगतों. ८ जानेवारीस यी बोंग-छांग यानें टोकियोंत जपानच्या बादशहाच्या स्वारीवर बाँब टाकला, तो फसला. २९ एप्रिलला यून बोंग-गिल यानें शांघायच्या होंगकौ बागेंत जपानी समारंभांत बाँब टाकला; त्यांत जनरल शिराकावा पुढें मरण पावला आणि वकील शिगेमित्सु याचा पाय गेला. हाच शिगेमित्सु इ. स. १९४५ मध्यें लांकडी पायानें चालत शरणचिठ्ठीवर सही करावयास गेला. दोन्ही कटांचे सूत्रधार किम कू होते. त्या दिवशीं सकाळीं यूननें आपलें नवें सहा वॉनचें घड्याळ किम कू यांस देऊन त्यांचें दोन वॉनचें जुनें घेतलें, कारण त्याला घड्याळाची गरज आतां तासाभराचीच होती. किम कू यांनीं कटाची जबाबदारी उघडपणें स्वतःवर घेतली. त्यांच्या लिहिण्याप्रमाणें त्यांच्या डोक्यावर अखेर ६ लक्षांचें बक्षीस लागलें. ते च्याशिंग येथें चिनी स्नेही छू फू-छंग यांच्या आश्रयानें चिनी नांव घेऊन राहिले, आणि संशय येऊं नये म्हणून चू आय-पाव नांवाच्या नावाडीणीच्या होडीवर पति-पत्नीसारखे राहिले. पुढें युद्धामुळें तिला माहेरीं पाठवितांना आपण १०० च दिले, अधिक द्यावयास हवे होते, ही हळहळ ग्रंथांत नोंदली आहे. राष्ट्राच्या इतिहासांत ही बाई कोठें यावयाची? ती आली ती केवळ लेखकाच्या ऋणाच्या वहींतून.

मे १९३८ मध्यें चांगशा येथें एका कोरियन माणसानेंच बैठकींत शिरून त्यांच्यावर गोळी झाडली. गोळी छातींत राहिली. उत्तरायुष्यांतील त्यांचें अक्षर कांपरें झालें, आणि त्या वळणास ते विनोदानें ‘गोळीचें वळण’ म्हणत. त्यांच्या नांवावर चालणारे सुलेख पारखणाऱ्यांनीं हा दाखला ध्यानांत ठेवावा. आई एप्रिल १९३९ मध्यें चुंगकिंगला वारली. तिच्याविषयीं आणखी एकच सांगतों: नानकिंगला सहकाऱ्यांनीं तिच्या वाढदिवसासाठीं पैसे जमविले, ते तिनें रोख मागून घेतले व त्यांचीं पिस्तुलें आणून दिलीं.

१७ सप्टेंबर १९४० रोजीं चुंगकिंग येथें कोरियन मुक्तिसेना उभी राहिली. तिच्या आठ-नऊ जणांची एक तुकडी इ. स. १९४३ मध्यें इंग्रजांच्या मागणीवरून हिंदुस्थानांत आली. कलकत्ता व दिल्ली येथें शिक्षण घेऊन ती इम्फाळच्या आघाडीवर गेली, आणि ध्वनिक्षेपकावरून जपानी भाषेंत पुकारा करणें, हस्तगत केलेले कागद वाचणें, कैद्यांच्या जबान्या घेणें हीं कामें तिनें केलीं. त्याच आघाडीवर आपल्या मराठा पलटणीही होत्या.

मुख्य सेनेस अमेरिकनांच्या साह्यानें कोरियांत उतरावयाचें होतें, तोंच ऑगस्ट १९४५ मध्यें जपान शरण आला. ही वार्ता किम कू यांस शीआन येथें कळली. त्यांस आनंद झाला नाहीं. आभाळ कोसळल्यासारखें वाटलें, कारण आपण युद्धांत कांहींच केलें नाहीं तर तहांत आपणांस कोण विचारील, ही भीति. ती खरी ठरली. ३८ व्या अक्षांशावर देशाचे दोन भाग झाले, आणि २३ नोव्हेंबर १९४५ रोजीं अमेरिकनांनीं त्यांस सरकार म्हणून न येऊं देतां खाजगी इसम म्हणून स्वदेशीं येऊं दिलें. थोरला मुलगा इन त्याच वर्षाच्या मार्चमध्यें चुंगकिंगला क्षयानें गेला होता. ज्या दोघांसाठीं आत्मवृत्त लिहिलें त्यांपैकीं एकच उरला.

डिसेंबर १९४७ मध्यें ग्रंथ छापून निघाला. मिश्र लिपीचें मूळ शुद्ध कोरियन लिपींत उतरवून, भाषा सुबक करून, कांहीं गाळून तो काढला; अखेरीस ‘माझी इच्छा’ हें प्रकरण जोडलें. हें संस्करण कादंबरीकार यी क्वांग-सू यांच्या हातचें मानतात. लाखों लोकांनीं हीच प्रत वाचली, हें तिचें श्रेय. तथापि संशोधकास ती पुरेशी नाहीं. येथें आम्ही आमचाच एक अपराध सांगतों. शिक्षकी पेशांत नवे असतांना एका घराण्यांतील जुन्या यादीची आम्हीं नक्कल करून दिली, आणि संस्कृताच्या अभिमानानें लिहिणाराचीं ‘अशुद्ध’ रूपें शुद्ध केलीं. मूळ यादी पुढें कसरीनें खाल्ली. तो लेखक कोणत्या प्रांताचा, कोणत्या जातीचा, हें सांगणारीं रूपें आम्हींच पुसून टाकलीं. कोरियाचें दैव बरें कीं तेथें मूळ प्रत शिन यांजपाशीं सुरक्षित राहिली, इ. स. १९९४ मध्यें तिचें छायामुद्रण निघालें, आणि इ. स. १९९७ मध्यें तो चिन-सुन यांचें सटीप संस्करण. तेव्हांपासून छापील आवृत्तींतील जागा मुळाशीं ताडून पाहणें शक्य झालें.

इ. स. १९४८ च्या आरंभीं संयुक्त राष्ट्रसंघाचें कमिशन निवडणुका घेण्यास कोरियांत आलें. त्याचे अध्यक्ष आपले के. पी. एस्. मेनन होते. किम कू यांनीं कमिशनपुढें आग्रह धरला कीं दोन्ही परकीय सैन्यें निघून जावींत आणि निवडणूक सबंध देशाची व्हावी. रशियानें उत्तरेंत कमिशनला पाऊल टाकूं दिलें नाहीं. दक्षिणेपुरती निवडणूक ठरली. तेव्हां ७१ वर्षांच्या किम कू यांनीं उत्तरेकडे पत्र पाठविलें. तें कोणास? किम तू-बोंग यांस. शांघायच्या थडग्यावरील मजकूर रचणारे ते वैयाकरणी आतां उत्तर कोरियाच्या मजूर पक्षाचे अध्यक्ष होते. १९ एप्रिल १९४८ रोजीं अनुयायांचा विरोध बाजूस सारून किम कू यांनीं ३८ वें अक्षांश ओलांडलें. सोबत मुलगा शिन होता. प्यांगयांगला किम इल-संग व किम तू-बोंग यांजबरोबर बोलणीं झालीं, ठराव झाले, आणि ५ मे रोजीं ते सोलला परतले. पांच दिवसांनीं दक्षिणेंत निवडणूक झाली. त्या वर्षअखेर देशांत दोन सरकारें होतीं. उत्तरेच्या मंडळींनीं म्हाताऱ्यास शोभेपुरतें वापरून घेतलें, हा आक्षेप आम्हांस निराधार वाटत नाहीं. परंतु छिहापोच्या खाणावळींत तर्कावर वार करणारा पोर आणि फसगत होईल हें जाणूनही बोलावयास जाणारा म्हातारा, यांतील अंतर ज्यास मोजावयाचें असेल त्यानें मधलीं पानें मूळ प्रतींतून वाचावींत.

२६ जून १९४९ रोजीं, रविवारीं दुपारीं, सोल येथील क्यंगग्योजांग या निवासस्थानीं आन तू-ही नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यानें त्यांस चार गोळ्या घालून ठार मारलें. खुन्यास जन्मठेप झाली, ती कमी झाली, आणि इ. स. १९५० च्या युद्धांत तो सुटून पुन्हां सैन्यांत आला. इ. स. १९९६ मध्यें एका बसचालकानें त्यास ठार केलें. किम तू-बोंग इ. स. १९५८ मध्यें उत्तरेंत पदच्युत झाले.

किम कू यांस ५ जुलै १९४९ रोजीं सोलच्या ह्योछांग बागेंत पुरलें. आदल्या वर्षीं शिन यांनीं आजी, आई व थोरला भाऊ यांच्या अस्थि चीनहून मायदेशीं आणविल्या होत्या. इ. स. १९९९ मध्यें आईच्या अस्थि ह्योछांग बागेंत पतीजवळ पुरल्या. शांघायच्या त्या शिळेचें छायाचित्र इ. स. १९२४ मध्यें कोरियन वर्तमानपत्रांत छापलें गेलें होतें. व्यंजनांचे अंक आपण आज वाचतों ते त्या छायाचित्रावरून.